‘आधी बोलू दे, मग बघू’ हा सल्ला आता मागे घ्या

मूल तीन-चार वर्षांचं होतं, शब्द फुटत नाहीत, तपासण्या होतात, स्वमग्नतेचं निदान हातात पडतं. मग आईबाप विचारतात, त्याला चित्रांची पाटी किंवा बोलणारा टॅब देऊन बघू का? यावर मुंबईत आजही सर्रास मिळणारं उत्तर असं असतं: ‘एवढ्यात नको. एकदा बोटाने काम भागायला लागलं की तोंड उघडायचं नाही. आधी बोलू दे, मग बघू.’ हे आजी सांगते, शेजारी सांगतात, शाळेतल्या बाई सांगतात आणि काही डॉक्टर, काही थेरपिस्टही सांगतात. सांगणाऱ्याच्या मनात मुलाचं वाईट नसतं. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, त्याला पुराव्याचा आधार नाही आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

या सल्ल्यामागची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आईला वाटतं, चित्रांची वही हातात दिली म्हणजे आपण बोलण्याची आशा सोडली. बाबांना वाटतं, ट्रेनमध्ये, लग्नात, सोसायटीत पोरगा पाटीवर बोट ठेवताना दिसला की सगळ्यांना कळणार. थेरपिस्टला वाटतं, घरच्यांना सोपी वाट दाखवली तर ते बोलण्याचा सराव सोडून देतील. या तिन्ही भीती खऱ्या आहेत. पण भीती खरी असली म्हणून तिच्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही. तो तपासून घ्यावा लागतो.

आणि तो तपासलेला आहे. २००६ साली डायन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून नेमका हाच प्रश्न विचारला: खुणा, चित्रं किंवा यंत्र दिल्यावर विकासात्मक अक्षमता असलेल्यांच्या तोंडच्या बोलण्याचं काय होतं? ज्यांच्या नोंदी भरवशाच्या होत्या अशा २७ जणांपैकी ८९ टक्के जणांचं बोलणं वाढलं, ११ टक्क्यांचं होतं तिथेच राहिलं. बोलणं कमी झालं असा एकही जण नव्हता. २००८ साली श्लॉसर आणि ऑलिव्हर वेंड्ट यांनी फक्त स्वमग्न मुलांपुरता हा प्रश्न घेतला, तेव्हाही घट कुठे सापडली नाही. वाढ बऱ्याचदा थोडीच होती, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणजे पाटी दिली की पोपटासारखं बोलेल, असं कुणी म्हणत नाही. म्हणणं एवढंच की पाटीने बोलणं मारलं जात नाही.

त्यापुढचा पुरावा २०१४ सालचा. कॉनी कॅसरी आणि सहकाऱ्यांनी जेमतेम बोलणाऱ्या, पाच ते आठ वर्षांच्या ६१ स्वमग्न मुलांबरोबर काम केलं. थेरपी सगळ्यांना एकाच धर्तीची होती. काहींना तिच्या जोडीला पहिल्या दिवसापासून बोलणारं यंत्र दिलं, काहींना दिलं नाही. तोंडाने असो वा यंत्रातून, आपणहून काही सांगण्याचं प्रमाण पहिल्या गटात जास्त वाढलं. ‘आधी थेरपी करून बघू, नाहीच जमलं तर यंत्र’ असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. यंत्राला शेवटचा उपाय म्हणून मागे ठेवणाऱ्यांच्या हातून जो वेळ जातो, तो या मुलांच्या शिकण्याचा सगळ्यात मोलाचा वेळ असतो.

मुळात ‘आळस’ हे निदानच चुकीचं आहे. स्वमग्न मुलाला बोलता येत नाही ते जीभ हलवायचा कंटाळा येतो म्हणून नव्हे. कुणाला तोंडाच्या हालचाली ठरवून करणं जमत नाही. कुणाला ऐकलेल्या आवाजातून शब्द वेगळा काढायला वेळ लागतो. कुणाला मुळात हेच उमगलेलं नसतं की आपण काही केलं तर समोरच्या माणसापर्यंत ते पोहोचतं. चित्रावर बोट ठेवल्याबरोबर पाणी मिळालं, आणि त्याच वेळी आईच्या तोंडून ‘पाणी’ हा शब्द ऐकू आला, तर ही शेवटची गोष्ट उमगायला लागते. बोलायला लागण्याआधी बहुतेक मुलं बोट दाखवतात, हात पसरतात, टाटा करतात. टाटा करू दिलं म्हणून कुणाच्या मुलाचं बोलणं अडलेलं नाही.

आता थांबण्याची किंमत पाहू. शाळेच्या वयातही मोजक्या शब्दांच्या पलीकडे न गेलेली मुलं स्वमग्न मुलांमध्ये सुमारे ३० टक्के असतात, असं हेलन टेगर-फ्लुसबर्ग आणि कॅसरी यांनी २०१३ साली मांडलं. चौथ्या वर्षी समोर बसलेलं मूल या गटात जाणार की बाहेर पडणार, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग ‘बोलेपर्यंत थांबा’ याचा अर्थ काही मुलांसाठी ‘जन्मभर थांबा’ असाच होतो. आणि ती वाट पाहताना मूल गप्प बसत नाही. ते चावतं, डोकं आपटतं, ताट भिरकावतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली दाखवून दिलं की असं वागणं बऱ्याचदा काहीतरी मागण्यासाठी असतं. ‘मदत कर’, ‘माझ्याकडे बघ’ हे सांगायची दुसरी रीत मुलांना शिकवली, तेव्हा ते वागणं कमी झालं. आपल्याकडे मात्र अशा मुलाला हट्टी, मारकुटा असे शिक्के आधी बसतात आणि शाळेतून ‘घेऊन जा’ असा फोन नंतर येतो.

दुसरा आक्षेप जास्त साळसूद असतो: ‘अजून त्याची समज तेवढी नाही. चित्र ओळखू दे, एका जागी बसू दे, नजरेला नजर देऊ दे, मग संवादसाधनाचं बघू.’ बोलक्या मुलाला आपण अशी प्रवेशपरीक्षा घालत नाही. त्याला काही कळत नसतं तेव्हापासून आपण त्याच्याशी बोलत असतो, आणि त्या बोलण्यातूनच त्याला कळायला लागतं. अ‍ॅन डोनेलन यांनी १९८४ साली यासाठी एक साधी कसोटी दिली: पक्की माहिती नसेल तेव्हा, जे गृहीत खोटं ठरलं तरी मुलाचं कमीत कमी नुकसान होईल, ते धरून चाला. त्याला समजतं असं धरून पाटी दिली आणि अंदाज चुकला, तर थोडा कागद वाया जाईल. समजत नाही असं धरून पाटी रोखली आणि तो अंदाज चुकला, तर एका माणसाचं बालपण वाया जाईल.

‘द्यायचं’ हे ठरलं, की लगेच दुसऱ्या टोकाची चूक होते. बाबा सरळ दुकानात जातात, महागडा टॅब घेतात, अ‍ॅप उतरवतात आणि मुलाच्या पुढ्यात ठेवतात. महिन्याभरात तो टॅब कार्टून बघायला लागतो आणि घरातले म्हणतात, बघा, उपयोग झाला नाही. या निराशेची मला पूर्ण जाणीव आहे. पण इथे साधन हरलेलं नसतं, निवड उलट्या टोकापासून झालेली असते. सहायक साधनांच्या क्षेत्रात जॉय झबाला यांची मांडणी वर्षानुवर्षं वापरली जाते. तिचा क्रम असा: आधी विद्यार्थी, मग त्याचं भोवताल, मग त्याला दिवसभरात करायच्या गोष्टी आणि शेवटी साधन. आपण सुरुवातच शेवटापासून करतो.

हा क्रम आपल्या वस्तीत उतरवून बघा. लालबागच्या चाळीत राहणारा आठ वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. सकाळी नळाला पाणी असतं, घरात धावपळ असते, संडास गॅलरीच्या टोकाला. त्याला ‘शू लागली’ हे वेळेत सांगता आलं पाहिजे, आणि ते आईचे हात ओले असले तरी तिला दाखवता येईल अशा रीतीने. म्हणजे दाराशेजारच्या भिंतीवर त्याच्या उंचीला लावलेलं एक लॅमिनेटेड चित्र इथे टॅबपेक्षा जास्त कामाचं. शाळेत जाताना जुलैचा पाऊस, हिंदमाताला गुडघाभर पाणी. तिथे टॅब पिशवीच्या तळाशीच राहणार, कमरेला अडकवलेली कार्डांची रिंग मात्र भिजूनही चालते. गणपतीच्या दहा दिवसांत ढोलताशे आणि स्पीकर. टॅबचा आवाज कुणाच्या कानावर पडणार नाही, पण ‘आवाज नको’ आणि ‘घरी चल’ ही दोन चित्रं त्याच वेळी सगळ्यात जास्त लागणार. उलट वर्गात, जिथे बाईंची पाठ फळ्याकडे असते, तिथे चित्रावर ठेवलेलं बोट कोणालाच दिसत नाही. तिथे आवाज करणारा टॅबच हवा. एका मुलाला एकच साधन पुरेल हे गृहीतच या एका दिवसात मोडतं.

मग वेगवेगळी साधनं नेमकं काय करतात, हे पालकांना कुणीतरी नीट सांगायला हवं. अँडी बॉन्डी आणि लॉरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केलेली चित्रकार्डांची देवाणघेवाण, म्हणजे पेक्स, मुलाला कार्ड उचलून माणसाच्या हातात द्यायला शिकवते. माणसाकडे जाण्याची सवय ज्याला नाही, त्याच्यासाठी ही सुरुवात चांगली. पण मागण्याच्या पलीकडे जायचं तर शेकडो कार्डं सांभाळावी लागतात. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये प्रा. रवी पूवैया यांच्या गटाने केलेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप फुकट आहे, साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं आणि मराठीतही बोलतं. त्यात मध्यभागी खाणं, माणसं, जागा, मदत असे गट असतात आणि दोन्ही बाजूंना आवडतं-नावडतं, हो-नको, अजून-कमी अशी सहा बटणं. आधी चित्र, मग बटण दाबलं की वाक्य उमटतं. चेन्नईत अजित नारायणन यांनी ‘विद्यासागर’ या संस्थेतल्या मुलांबरोबर काम करून घडवलेलं ‘आवाज’ हे साधन शब्द जोडून वाक्य करायला जास्त वाव देतं, मात्र त्याचे पैसे पडतात. कुठलं घ्यावं हे किमतीवर ठरत नाही. मुलाचं बोट किती लहान चौकोन अचूक दाबतं, एका पानावर किती चित्रं त्याची नजर पेलते, त्याला अक्षरं ओळखता येतात का, यावर ते ठरतं. म्हणून विकत घेण्याआधी दोन-तीन साधनं त्याच्या हातात काही आठवडे देऊन पाहा, आणि ते कशाकडे वळतं याला मत म्हणून मान द्या. एकदा चित्रांच्या जागा ठरल्या की त्या सारख्या बदलू नका. बोटाला जागा पाठ होते, आणि ती हलवली की शिकलेलं सगळं विस्कटतं.

माझा सगळ्यात मोठा आग्रह पाटीवरच्या शब्दांबद्दल आहे. परदेशातून आलेल्या तक्त्यांत पॅनकेक आणि बर्फातला माणूस असतो, गिरगावातल्या मुलाला हवी असतात वरणभात, बोंबील, साबुदाण्याची खिचडी, आत्या, चौपाटी. ‘घोटाळा नको, एकच भाषा ठेवा, इंग्रजी’ हा सल्लाही पालकांच्या गळी उतरवला जातो. घरात दोन भाषा असल्याने स्वमग्न मुलाची भाषा बिघडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीशी ज्या भाषेत बोलायचं ती काढून घेतली तर मात्र त्याचं निम्मं घर बंद होतं. मराठीचं व्याकरणही सांभाळावं लागतं. मुलीच्या टॅबमधून ‘मी जातो’ असं निघत असेल तर ते तिचं बोलणं नाही. ज्या अ‍ॅपमध्ये स्वतःचा आवाज भरता येतो तिथे तिच्याच वयाच्या मामेबहिणीकडून वाक्यं बोलून घ्या, ‘मी जाते’ असं.

आणि पाटी फक्त खाऊ मागण्याची नको. ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘मला राग आला’, ‘तो मारतो’, शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं, हे पहिल्या दिवसापासून असलं पाहिजे. इथे कुणाला संकोच वाटला तर त्यांनी कायदा पाहावा. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ सालचा कायदा, म्हणजे पॉक्सो, कलम २६ आणि ३८ मध्ये सांगतो की अपंग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्याची संवादाची रीत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेता येते. कायदा मुलाचं ऐकून घ्यायला तयार आहे. पण ज्याच्या पाटीवर बिस्किट आणि पाणी एवढंच आहे, ते मूल सांगणार काय?

आता शाळेकडे वळू. ‘वर्गात टॅब चालणार नाही, बाकीच्या मुलांचं लक्ष जातं’ हे वाक्य पालकांना तोंडपाठ आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये स्वमग्नता २१ अपंगत्वांत गणलेली आहे. त्याच्या कलम १७ नुसार, ज्यांना बोलण्याची किंवा संवादाची अडचण आहे त्यांच्यासाठी पूरक आणि पर्यायी संवादपद्धतींच्या वापराला चालना देणं हे सरकारचं आणि स्थानिक प्राधिकरणांचं काम आहे. त्याच कलमात लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत योग्य सहायक साधनं मोफत देण्याचीही तरतूद आहे. मग मागणी कुणाकडे करायची हे स्पष्ट आहे. महापालिकेच्या शाळेत मुलाचा टॅब ही पालकांची हौस ठरत नाही, ते पालिकेचं कर्तव्य ठरतं. खासगी शाळेलाही हे सांगायला हवं की त्या मुलासाठी तो टॅब म्हणजे त्याचा आवाज आहे. बाकीच्या मुलांची तोंडं आपण दप्तरात ठेवायला लावत नाही. आणि शिक्षा म्हणून तो टॅब काढून घेणं ही शिस्त नव्हे, ते त्याचं तोंड बंद करणं आहे.

साधनातून माणसाला आवाज मिळताना याच शहराने पाहिलेलंही आहे. मिठू अलूर यांनी १९७२ साली सुरू केलेल्या आणि कुलाब्यात शाळा उभारलेल्या स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाच्या, म्हणजे आताच्या ‘अडॅप्ट’च्या, पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये त्यांची मुलगी मालिनी चिब होती. मालिनींना सेरेब्रल पाल्सी आहे, स्वमग्नता नाही, आणि त्यांचं बोलणं अनोळखी माणसाला कळायला अवघड जातं. टाइप केलेलं बोलून दाखवणारं यंत्र त्या वापरतात. त्यांनी झेवियर्समधून पदवी घेतली, लंडनमध्ये पुढचं शिक्षण केलं, चर्चगेटच्या पुस्तकांच्या दुकानात नोकरी केली आणि एका बोटाने टाइप करून ‘वन लिटिल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं. त्यांना ‘आधी नीट बोल’ असं सांगून थांबवलं असतं तर हे झालं नसतं. स्वमग्न मुलाची अडचण वेगळी असते, पण आवाज मिळण्याचा त्याचा हक्क तितकाच आहे.

एक आक्षेप मी मान्य करते: स्क्रीनचं व्यसन. त्यावर उपाय सोपा आहे. बोलण्याचा टॅब बोलण्यापुरताच ठेवा, त्यात कार्टून नको, फोनच वापरायचा असेल तर एकाच अ‍ॅपवर स्क्रीन अडकवून ठेवायची सोय त्यात असते. आणि कागदी पाटी सोबत असलीच पाहिजे, कारण बॅटरी संपते. दादर स्टेशनबाहेर कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात ती लॅमिनेट होते.

दुसरी सावधगिरी याहून गंभीर. साधन मुलाचं असेल तर बोटही मुलाचंच हवं. हात धरून किंवा पाटी हातात हलती धरून मुलाकडून अक्षरं उमटवणाऱ्या पद्धतींत बोलतं मूल की मदतनीस, हे सांगता येत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने, ‘आशा’ने, २०१८ साली अशा पद्धती वापरू नयेत असं जाहीर केलं. जे पालक लांबलचक इंग्रजी वाक्यांनी भारावून जातात, त्यांनी एवढंच करावं: मदतनीसाला माहीत नसलेली एखादी गोष्ट मुलाला दाखवावी, आणि मग मदतनीसाला सोबत बसवून तिच्याबद्दल विचारावं. उत्तर कुणाचं आहे ते तिथे उघड होतं.

सगळ्यात जड काम मात्र मोठ्यांचं आहे. मूल पाटी वापरायला शिकतं ते आपण ती वापरताना पाहून. ‘आता आपण जेवू’ म्हणताना आईने ‘जेवण’ या चित्रावर बोट ठेवायचं, बाईंनी ‘संपलं’ म्हणताना ते चित्र दाबायचं, आणि मुलाने लगेच उत्तर द्यावं ही अपेक्षा न ठेवता हे महिनोन्‌महिने करायचं. ज्या घरात पाटी कपाटात राहते आणि थेरपीच्या तासाला बाहेर येते, तिथे ती अपयशी ठरणारच. तो दोष पाटीवर टाकू नका.

मदत जवळ आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात वाक्‌उपचाराचं शिक्षण अनेक दशकं दिलं जातं. वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. चिंचपोकळी स्टेशनजवळ, डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली सुरू केलेलं ‘उम्मीद’ आहे. शिवडीला १९४४ पासूनची जय वकील शाळा आहे. वांद्रे ते मुंबई सेंट्रल या काही किलोमीटरच्या पट्ट्यात एवढं ज्ञान साठलेलं असताना पालक हात हलवत आणि ‘थांबा’ ऐकून परत जात असतील, तर दोष ज्ञानाचा नाही, सवयीचा आहे.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. निदानाच्या कागदाबरोबरच डॉक्टरांनी संवादसाधनाच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी. शाळेने प्रवेशाच्या वेळी ‘बोलतो का?’ या प्रश्नाऐवजी ‘कसा सांगतो?’ असं विचारावं, आणि जे साधन असेल ते पुस्तकांसारखं रोज वर्गात येऊ द्यावं. पालकांनी आजच्या आज दहा चित्रांची पाटी करावी, उत्तम साधन मिळेपर्यंत थांबू नये. आणि यापुढे जो कोणी ‘आधी बोलू दे’ असं सांगेल, त्याच्याकडे पुरावा मागावा. इतकी वर्षं पाटी मागणाऱ्या आईलाच स्वतःची बाजू पटवून द्यावी लागली. आता थांबा म्हणणाऱ्यांनी थांबल्याने मुलाचं काय भलं होतं ते सिद्ध करावं. ते जमत नसेल तर त्यांनी वाटेतून बाजूला व्हावं.